एआय गव्हर्नन्सवर पीएचडी करायचीय, समिती विचारते “यात सोलापूर कुठंय?”

पूर्वभागातली मास्तरीण

नमस्कार. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मी सोलापुरात एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. (ज्यांना याचा अर्थ माहितीय त्यांनी एक उसासा टाकून पुढं वाचावं.) पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) निघाली, गाइड मिळाले आणि गेल्या आठवड्यात आरआरसीपुढं, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढं, आराखडा मांडला. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, त्यांची फारशी चूकही नाही. विषय होता ‘कृत्रिम बुद्धिमत्तेचं नियमन आणि नागरिकांचे हक्क’.

१४ पानं होती आणि त्यात काय नव्हतं! युरोपचा एआय कायदा, १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आलेला. नेदरलँड्समधलं बालसंगोपन भत्त्याचं प्रकरण: हजारो पालकांवर लबाडीचा ठपका, कुणाला संशयित धरायचं ते सांगण्यात संगणकाचा हात, आणि शेवटी १५ जानेवारी २०२१ ला अख्ख्या मंत्रिमंडळाचा राजीनामा. ऑस्ट्रेलियाचं रोबोडेट: वर्षाच्या उत्पन्नाची पंधरवड्यांवर सरासरी काढायची आणि गरिबाच्या नावावर खोटी थकबाकी दाखवायची. तीन रात्री जागून मांडलं होतं सगळं.

समोर पाच जण. एका सरांनी चहाचा कप बाजूला सारला आणि विचारलं, “मॅडम, सोलापुरात एआय कुठंय?” सगळे हसले. मीही हसले, आणि त्याचाच राग अजून जात नाही. एक मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी १४ पानं शेवटपर्यंत उलटली आणि शांतपणे म्हणाल्या, “आणि यात सोलापूर कुठंय?” पहिल्या प्रश्नाला उत्तर देता आलं असतं. दुसऱ्याला माझ्याकडं काही नव्हतं. ‘सुधारून आणा’ असा शेरा पडला.

घरी आले. आमचं घर अशोक चौकाच्या पुढं. अम्मा, म्हणजे माझी आई, रेशन दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत आलेली, या महिन्यात तिसऱ्यांदा. अंगठा जुळत नाही.

अम्मानं चाळीस वर्षं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, अंगठ्यानं तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. दिवसाला हजार. अंगठा नि शेजारचं बोट आता जुन्या चार आण्यासारखं गुळगुळीत झालंय. दुकानात ती आधी अंगठा पदराला पुसते, मग भांगात घासते, तेवढंच तेल लागावं म्हणून, मग त्यावर हळूच फुंकर घालते. मशिनवर ठेवते. लाल. परत पुसते. लाल. मागं रांग चुळबुळ करायला लागते. दुकानदार वाईट माणूस नाही. तो म्हणतो, “अम्मा, घेईना ओ मशिन. उद्या या.”

कारखान्यात चेकर असायचा. जुडी सोडून एकेक बिडी बघायचा, नाही आवडली की बाजूला टाकायचा. त्या बिड्यांचे पैसे बुडाले. अम्मा त्याच्याशी भांडायची. “तोंड उघडंय म्हणता, कुठंय उघडं, दाखवा.” मी लहानपणी तिच्यासोबत जायचे, मला लाज वाटायची. पण दहातल्या दोन बिड्या ती परत घ्यायला लावायचीच. रेशनच्या मशिनला ती काही बोलत नाही. कुणाला बोलणार?

त्या रात्रीपासून डोक्यात हेच चाललंय. अंगठ्याचं मशिन म्हणजे एआय म्हणता येईल का? यावर पीएचडी होईल, की ही आपली घरची रड? आणि युरोपचं वाचलेलं सगळं आता रद्दीत घालायचं का? कुणी या विषयात काम केलं असेल तर सांगा.

जुळेसोलापूरकर

मॅडम, रागावू नका, पण विषय बदला की. सोलापुरी चादर आणि भौगोलिक मानांकन घ्या. २००५ चं मानांकन आहे, कागद मिळतात, माणसं बोलतात, तीन वर्षांत नावापुढं डॉक्टर लागतं.

अंगठ्याचं मशिन म्हणजे साधं स्कॅनर ओ. एआय म्हणजे ते गप्पा मारणारं, चित्रं काढणारं. व्हायव्हाला बाहेरचा परीक्षक येईल आणि याच एका मुद्द्यावर फाडेल.

मशिन दुरुस्तीवाला

ई पॉस मशिनचं, म्हणजे रेशन दुकानातल्या त्या अंगठ्याच्या मशिनचं काम करतो. कुठल्या जिल्ह्यात ते सोडा.

मशिन काही ठरवत नाही. ठसा घेतं, वर आधारच्या सर्व्हरकडं पाठवतं. वरून हो किंवा नाही येतं. नाही आलं तर सोबत आकडा येतो. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे त्या माणसानंच आपलं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय. ८११ म्हणजे वरच्या नोंदीत ठसाच नाही. आणि नेट गेलं असेल तर यातलं काहीच येत नाही, नुसतं गोल फिरत बसतं. चारही वेळा दुकानदार एकच बोलतो, ‘घेईना’.

औषध मात्र चारींचं वेगळं आहे. ३०० ला दुसरं बोट लावा. ३३० ला लॉक काढा. ८११ ला आधार केंद्रात जाऊन ठसे नव्यानं द्या. नेट नसेल तर चहा पिऊन या. गिऱ्हाइकाला आकडाच कळला नाही तर ते रोज उद्या उद्या करत येत राहणार.

दुसरं. अंगठाच पाहिजे असा नियम नाही. दहातलं कुठलंही बोट चालतं. कुठलं चांगलं उमटतं ते शोधायची सोयही आधारमध्ये आहे, बेस्ट फिंगर डिटेक्शन म्हणतात. बिडी वळणाऱ्या बाईचं अनामिका नाहीतर करंगळी बघावी. अंगठा नि तर्जनी गेलेलीच असते.

जुळेसोलापूरकर, साधं स्कॅनर नाही ते. बोट जिवंत माणसाचं आहे की रबराचं, हे ओळखायला फेब्रुवारी २०२३ पासून रेघांच्या खुणा आणि बोटाची प्रतिमा दोन्ही तपासतात. त्यात मशिन लर्निंग आहे. आधार प्राधिकरणानं स्वतः जाहीर केलंय.

भीमाकाठचा

मास्तरीणबाई, हसल्या नाहीत त्या मॅडमना पेढे द्या. मी पंढरपूरकडचा, सध्या हैदराबादेत तंत्रज्ञान आणि कायदा यावरच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युरोपचं रद्दीत घालू नका, फक्त पुढच्या पानांवरून मागच्या परिशिष्टांवर या. तिसऱ्या परिशिष्टात जास्त धोक्याच्या वापरांची यादी आहे. पहिलंच नाव बायोमेट्रिकचं. पण तिथंच एक अपवाद ठेवलाय: ‘हा माणूस स्वतःला जो म्हणवतो तोच आहे का’ एवढीच खात्री करणारी यंत्रणा यातून वगळली. का, तर तिचा माणसाच्या हक्कांवर किरकोळ परिणाम होतो असं धरलंय. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या डोळ्यांपुढं फोनचं कुलूप आणि ऑफिसचं दार असणार. दार उघडलं नाही तर शेजारी माणूस बसलेला असतो, तो उघडतो.

आता त्याच यादीत पाचव्या क्रमांकावर या. सरकारी मदतीला कोण पात्र, कुणाची मदत द्यायची, कमी करायची, थांबवायची, हे ठरवायला वापरलेली एआय यंत्रणा जास्त धोक्याची. मग तुमच्या अम्मांचा अंगठा कुठल्या खणात टाकायचा? कागदावर तो फक्त ओळख पटवतो. दुकानात तो या महिन्याचं धान्य ठरवतो. जी गोष्ट तिथल्या कायद्यानं किरकोळ म्हणून बाजूला काढली तीच इथं सगळ्यात भारी पडते. ‘यात सोलापूर कुठंय’ याचं उत्तर हे आहे. आणि ते ब्रसेल्समध्ये बसून कुणाला दिसणार नाही, अशोक चौकाच्या पुढं राहणाऱ्यालाच दिसेल.

‘हे एआय आहे का’ या वादात मात्र अडकू नका. वरच्या मित्रानं सांगितलंच, ठशाच्या तपासणीत मशिन लर्निंग आहे. पण उद्या ते काढून टाकलं तरी अम्मांची पिशवी रिकामीच राहील. रोबोडेटमध्ये तरी कसली बुद्धिमत्ता होती? भागाकार होता. तरीही नियमनाच्या प्रत्येक चर्चेत त्याचं नाव निघतं, कारण नाकारणारा एक आणि निस्तरणारा दुसरा, हे सगळीकडं सारखंच आहे.

आपल्याकडं युरोपसारखा एआय कायदा नाही. केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. सात सूत्रं आहेत. बंधनकारक नाहीत, पण मोजपट्टी म्हणून तुमच्या कामाची आहेत. एक सूत्र उत्तरदायित्वाचं, एक ‘समजेल अशी रचना’ हवी म्हणणारं. इंग्रजी पडद्यावर ३००, आणि पडद्याचं तोंड दुकानदाराकडं. लावा पट्टी.

याहून कडक गोष्टी जुन्या आहेत. सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की ओळख पटली नाही एवढ्यावरून हक्काचा लाभ नाकारता येणार नाही. त्याच खटल्यात प्राधिकरणानं सादर केलेल्या माहितीत सरकारी सेवांत साधारण १२ टक्के वेळा पडताळणी फसत असल्याचं पुढं आलं होतं. आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये अपवाद कसे हाताळायचे याचं परिपत्रक निघालेलं आहे: ठसा नाही तर बुबुळ, नाही तर ओटीपी, तेही नाही तर कार्ड बघून द्या आणि वहीत नोंद करा. म्हणजे पर्याय लिहिलेला आहे. दुकानापर्यंत येता येता तो कुठं गळतो, हे शोधणं म्हणजे तुमचं क्षेत्रकाम.

तेलंगणाचं ‘समग्र वेदिका’ वाचलंय का? वेगवेगळ्या खात्यांच्या याद्या एकत्र करून कुणाकडं गाडी, कुणाकडं जमीन हे संगणक जुळवतो. नावाला नाव मिळतंजुळतं निघालं की भलत्याची गाडी गरिबाच्या नावावर. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिथली रद्द झालेली सुमारे १९ लाख रेशन कार्डं जागेवर जाऊन पुन्हा तपासायला सांगितली. सगळी वेदिकेनंच घालवली असं लिहू नका हं, रद्द करणं २०१४ पासून चालू होतं, वेदिका नंतर आली. अशा ठिकाणी घाई केली की परीक्षक धरतो.

माहिती अधिकार वापरा, पण हुशारीनं. कोड मागाल तर व्यापारी गुपित म्हणून कलम ८ दाखवतील. तुम्ही मागा, अमुक महिन्यात अमुक दुकानात किती पडताळण्या फसल्या, कुठल्या आकड्यानं, आणि अपवादाच्या वहीत किती नावं. दहा रुपये, तीस दिवस. आणि कलम ४ नीट वाचा. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारण सांगणं हे सरकारी कार्यालयाचं काम आहे असं त्यात लिहिलंय. २००५ चा कायदा, एआयचा एक शब्द नाही, आणि तुमच्या चेकरच्या गोष्टीला यापेक्षा जवळचं दुसरं कलम मला माहीत नाही.

दोन इशारे. आधार क्रमांक लिहून घेऊ नका, शेवटचे चार आकडेसुद्धा नकोत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण ती तुमच्या वहीला कुलूप लावत नाही. आणि अम्मांना प्रबंधात घेऊ नका. आईवर लिहिलं की माणूस एकतर हळवा होतो नाहीतर लपवाछपवी करतो.

पूर्वभागातली मास्तरीण

भीमाकाठचे सर, परिशिष्ट उघडून बघितलं. खरंच आहे. मी त्या कायद्यावर चार पानं लिहिली होती आणि हा अपवाद माझ्या नजरेतून सुटला होता. युरोपबद्दल दुसऱ्यांनी काय लिहिलं ते वाचत बसले, मूळ मजकूर कुणी वाचायचा!

अम्माबद्दल मात्र पटलं नाही. तिला बाहेर ठेवलं तर मला प्रश्न सुचला कुठून, हे कसं सांगू? चौदाव्या पानावर ‘संशोधकाची भूमिका’ म्हणून दोन ओळी लिहायच्या असतात, त्यात ‘संशोधक याच परिसरातील आहे’ असं लिहून मोकळं व्हायचं? ती उत्तरं देणाऱ्यांत नसेल, एवढं मान्य. प्रस्तावनेत राहील. हळवी झाले तर गाइड लाल पेन घेऊन बसलेलेच आहेत.

समग्र वेदिकेचं ऐकून अंगावर काटा आला, कारण माझी आत्या सिरसिल्ल्याला दिलीय. तिकडंही माग, इकडंही माग. लग्नाकार्याला येणं-जाणं, आणि मी नेदरलँड्सवर लिहीत बसले.

जुळेसोलापूरकर

आता मी जरा वेगळं बोलतो. माझा चुलता रेशन दुकानदार आहे, म्हणून सुरुवातीला टर उडवली. अशा संशोधनात शेवटी चोर दुकानदारच निघतो, हे आम्हाला पाठ आहे.

ती अपवादाची वही आहे त्याच्याकडं. कोरी. का, ते ऐका. सहा-सात वर्षांपूर्वी एका महिन्यात त्यानं अकरा नावं लिहिली. सगळ्या म्हाताऱ्या बायका, ठसे गेलेल्या. तपासणी आली. विचारलं, शेजारच्या दुकानात एक पण नाव नाही, तुमच्याच दुकानात अकरा कशी? काळाबाजार करता का? त्याला तीन चकरा मारायला लावल्या, प्रत्येक बाईच्या घरून लिहून आणायला लावलं. तेव्हापासून तो ‘उद्या या’ म्हणतो. उद्या या म्हटलं की कागदावर काहीच उमटत नाही. ना नकार, ना अपवाद.

मशिननं नाही म्हटलं तर चुलत्याला कुणी काही विचारत नाही. चुलत्यानं हो म्हटलं की सगळे विचारतात. हे पण लिहा की मॅडम.

भीमाकाठचा

मालक, तुम्ही एका परिच्छेदात एक प्रकरण लिहून दिलंत. मास्तरीणबाई, ‘उद्या या’ ही तुमची मोजायची गोष्ट. ती कुठल्याच सरकारी आकड्यात नसणार, कारण बाई परत गेली तर नकार कुठंही नोंदला जात नाही. त्यासाठी दुकानात बसावंच लागेल. महिन्याचे सुरुवातीचे दहा दिवस, तीन दुकानं. त्यातलं एक पूर्व भागाबाहेरचं घ्या, जिथं बिडीकाम नाही, म्हणजे तुलना होईल.

मशिन दुरुस्तीवाला

दुकानदाराला विचारल्याशिवाय मशिनचा फोटो काढू नका. तो घाबरेल. आकडा त्यालाच वाचायला लावा.

पूर्वभागातली मास्तरीण

काल अम्मासोबत दुकानात गेले. संशोधक म्हणून नाही, पिशवी धरायला.

सवयीनं अंगठा पुढं केला, लाल. मी म्हटलं, “अम्मा, हे बोट लाव,” आणि तिची अनामिका धरून ठेवली. पहिल्यांदा लाल. बोट जरा आडवं पडलं होतं. सरळ ठेवलं, हिरवं. पावती कुर्रकुर्र करत बाहेर आली. अम्मा पावतीकडं नाही, बोटाकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “इन्नेळ्ळु एवरू चेप्पलेदे.” इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही की. तिचा चेहरा खूश नव्हता, हे मुद्दाम लिहितेय. ती चिडली होती, चेकरवर चिडायची तशीच, आणि रस्ताभर चिडलेली होती. चार वर्षांत किती चकरा झाल्या ते बोटांवर मोजत होती, त्याच बोटांवर.

तासभर तिथंच थांबले. चार जणांना ‘घेईना’ ऐकावं लागलं. दुकानदाराला म्हटलं, जरा पडद्यावरचा आकडा वाचा ना. दोनदा ३००. एकदा नुसतंच गोल. आणि एकदा ३३०, तो एक कॉलेजचा पोरगा, यूट्यूबवर बघून बायोमेट्रिक लॉक केलं होतं आणि विसरला होता. तो आमच्याच कॉलेजचा निघाला, बी.कॉम.चा. ३०० वाल्या दोघींपैकी एकीचं करंगळीवर जमलं. दुसरीचं दहाही बोटांनी जमलं नाही. ओटीपीला तिचा मोबाइल सुनेकडं, सून टॉवेलच्या कारखान्यात, सुट्टी सहाला. ती ‘उद्या’ घेऊन गेली. जुळेसोलापूरकर, वही तिथंही कोरीच होती, आणि का ते आता मला माहितीय, म्हणून दुकानदाराला काही बोलले नाही. त्या बाईसाठी बोलायला पाहिजे होतं का, हे अजून ठरत नाही.

यातलं काही प्रबंधात घालणार नाही, कुणाची संमती घेतलेली नव्हती.

विषयाचं नाव बदललंय: ‘यंत्राचा नकार आणि दाद: सोलापूर शहरातील रेशन पडताळणीचा अभ्यास’. गाइड म्हणाले, एआय शब्द काढलास तर समितीला चालू घडामोडींतलं वाटणार नाही, उपशीर्षकात तरी ठेव. ठेवलाय. युरोपची चार पानं एका पानावर आणली, त्या एका अपवादापुरती. नेदरलँड्सला तळटीप मिळाली.

आरआरसी पुढच्या महिन्यात. एक अडचण राहिलीय. संमतीपत्र तेलुगूत हवं आणि माझं तेलुगू नुसतं बोलण्यापुरतं, शाळा सगळी मराठीतून झाली. अम्माला तर कुठलीच लिपी येत नाही. कुणाकडं साध्या बोलीतला, वाचून दाखवता येईल असा नमुना असेल तर इथं टाका. हैदराबादी पुस्तकी तेलुगू नको, आमच्या गल्लीत ते कुणाला कळत नाही.